त्यांनी गवत वाढू दिलं

आमच्या साउथहॅम्प्टनच्या घरामागच्या शेताचं नाव निघालं की अजून माझा आवाज चढतो. माझी मुलं हसतात, नवरा उठून चहा टाकायला जातो. इतकी वर्षं झाली, आता सोड की, असं मला मायेने सांगणारीही माणसं आहेत. मी सोडलेलं नाही, आणि हे प्रकरण शांत डोक्याने लिहायचा माझा काही विचारही नाही. शांत डोक्याने बोलणारी माणसं त्या वर्षी मी भरपूर पाहिली. ते शेत त्यांनीच खाल्लं.

मी आठ वर्षांची असताना आम्ही साताऱ्याहून तिकडे गेलो. बाबा भूलतज्ज्ञ, तिथल्या हॉस्पिटलमध्ये लागले होते. घर शहराच्या पश्चिम टोकाला, खाडीच्या बाजूला. पुढच्या दारातून बस दिसायची आणि मागच्या दारातून बंदरातल्या निळ्या क्रेन. सकाळी धुकं असलं की मोठ्या जहाजांचे भोंगे ऐकू यायचे, इतके खोल की ओट्यावरची भांडी थरथरायची. आई म्हणायची, "हे बघ, आला तुमचा रेडा." कंटेनर एकमेकांवर ठेवल्याचा धाडधाड आवाज तर दिवसभर असायचा, त्याची सवयच होऊन गेली होती. मागच्या कुंपणापलीकडे ते शेत होतं. शेत म्हणजे पेरलेलं काही नाही, नुसतं कुरण, पुढे उतरत उतरत खाडीच्या चिखलापर्यंत गेलेलं. पॅम नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंनी ते भाड्याने घेतलं होतं आणि त्यांची दहाबारा बुटकी, केसाळ तट्टं तिथे चरायची. ती गवत असं कुरतडून ठेवायची, जणू कुणी रोज मशीन फिरवतंय.

हिवाळ्यात, भरतीच्या वेळी, त्या कुरणावर पक्षी येऊन उभे राहायचे. वाकड्या लांब चोचीचे कर्ल्यू, गाजरासारखी चोच असलेले काळेपांढरे ऑयस्टरकॅचर, लांब पायांचे गॉडविट. सगळे वाऱ्याकडे तोंड करून, एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून. आई भाजी चिरताना खिडकीतून बघायची आणि म्हणायची, "आली बघ शाळा भरून." बाबा ड्यूटीवरून आले की शूज काढायच्या आधी मागच्या दाराशी जाऊन एकदा बघून घ्यायचे. बाबांना फारसं काही आवडायचं नाही, म्हणजे आवडल्याचं ते सांगायचे नाहीत. पण पक्षी उभे असतील त्या दिवशी ते टाय न सोडता तिथेच चहा प्यायचे, हे मी सात हिवाळे बघितलेलं आहे. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

हे पक्षी तिथे का उभे असतात ते मला मार्ताने शिकवलं. मार्ता उरुग्वेची, तिथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडीसाठी आलेली, आणि आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आलेली. मी पंधरा वर्षांची होते. ती आली तेव्हा आईला तिची दोनच गोष्टींसाठी काळजी वाटली: ती मटण सोडून काय खाणार, आणि ती सकाळी भोपळ्याच्या वाटीतून लोखंडी नळीने ते हिरवं काय पिते. "काढा आहे का गं तो? तिला काही होतंय का?" आई मला मराठीत विचारायची. माटे नावाचं ते पेय आईने एकदा चाखलं आणि कारल्यापेक्षा वाईट ठरवलं. पण मार्ताने एका रविवारी दूध आणि साखर तासभर आटवून बदामी रंगाचं घट्ट काहीतरी केलं, तेव्हा आईने बोट चाटलं आणि एकदम हळवी झाली. "अगं, हा तर आपला कंदी पेढा, फक्त वळायचा राहिला." त्या दिवसापासून मार्ता घरची झाली. थालीपिठावर लोण्याऐवजी ते तिचं आटवलेलं दूध घालून खायची, आणि आई तेही चालवून घ्यायची.

मार्ता वाढली ती समुद्राजवळच्या मोठ्या गवताळ मुलखात, तळ्यांच्या काठी. तिचे वडील तिथे गुरं राखायचे. त्या मुलखात थंडी संपली की उत्तर ध्रुवाकडून एक छोटासा फिकट बदामी पक्षी येतो. दिवसभर तो गुरांनी चरलेल्या आखूड गवतात किडे टिपतो आणि संध्याकाळी तळ्याकाठच्या ओल्या जमिनीवर उतरून रात्र काढतो. मार्ताने त्या पक्ष्यांमागे दोन उन्हाळे शेणात पोटावर झोपून काढले होते. "लोकांना वाटतं पक्ष्याला जंगल हवं, उंच गवत हवं," ती मला सांगायची. तिचं इंग्लिश सावकाश होतं, प्रत्येक शब्द टेबलावर ठेवल्यासारखा. "याला उलटं हवं. याला गाय हवी. गाय गवत खाते, म्हणून याला कोल्हा लांबून दिसतो, म्हणून हा झोपू शकतो. आमच्या शेजारच्या मालकाने गुरं विकली. गवत इतकं झालं," तिने गुडघ्याला हात लावला, "आणि पुढच्या वर्षी एकही पक्षी उतरला नाही. कुणी मारले नाहीत, हाकलले नाहीत. नुसते आले नाहीत."

आमच्या खाडीचंही तेच होतं. ओहोटीला पक्षी चिखलात खातात. भरती आली की चिखल बुडतो, आणि आमच्याकडची भरती लांबते, लवकर उतरतच नाही. तेवढा वेळ कुठेतरी उभं राहून झोपायला आखूड गवताची, चारी बाजूंनी मोकळी जागा लागते. अशा जागा खाडीवर फार उरल्या नव्हत्या. बाकी सगळीकडे बंदर, गोदामं, भिंती. मी शनिवार-रविवार मार्ताबरोबर कुंपणाशी बसून बघायला शिकले. कोण आधी उतरतं, कोण कडेला उभं राहतं, झोपेतही एक डोळा कसा मधून मधून उघडतो, ससाणा दिसला की सगळा थवा एकाच कापडासारखा कसा उचलला जातो. पंधरा-सोळाच्या वयात माझ्या वर्गातल्या मुली काय करत होत्या ते मला माहीत आहे. मला त्याचं काही वाटत नव्हतं.

आणि मग पॅमचा भाडेकरार वाढवायला मालकाने नकार दिला.

शेत एका गोदामं बांधणाऱ्या कंपनीने घेतलं होतं. वसंतात तट्टं एका ट्रकमधून गेली. पॅम फाटकाशी उभ्या राहून रडल्या, आणि आईने त्यांना घरात आणून चहा दिला. तेव्हा आम्हाला वाटलं, वाईट झालं ते एवढंच. उन्हाळाभर शेत रिकामं राहिलं आणि गवत वाढलं. जूनमध्ये गुडघ्याएवढं, ऑगस्टमध्ये माझ्या कंबरेला. जाणारे-येणारे म्हणायचे, किती छान, किती नॅचरल दिसतंय आता. मार्ता एक दिवस स्वयंपाकघराच्या खिडकीत वाटी हातात घेऊन उभी होती. प्यायची थांबली आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटली. मी विचारलं, काय झालं?

"आमच्याकडे असं करायचं असलं तर माणूस निदान समोर येऊन भांडतो," ती म्हणाली. "यांनी जनावरं काढून घेतली, आणि बाकीचं काम गवतावर सोपवलं."

तिचं म्हणणं शब्दाशब्दाने खरं ठरलं. हिवाळा लागला, पक्षी आले, उधाणाच्या भरतीला थवा शेतावरून फिरला, खाली बघितलं आणि निघून गेला. गोदामाला कौन्सिलची परवानगी मिळायची तर शेतावर पक्षी येत नाहीत असा रिपोर्ट लागतो, म्हणून त्यानंतर कंपनीचा पक्षी मोजणारा माणूस आला. चांगला माणूस होता. हसरा, दुर्बीण गळ्यात, मला त्याने बिस्किटही दिलं. भरती बघून वेळेवर यायचा, पूर्ण वेळ थांबायचा, आणि जे दिसायचं ते लिहायचा. दिसायचं काहीच नाही. मी त्याला सांगितलं की मागच्या वर्षीपर्यंत इथे शेकडो पक्षी उभे असायचे. तो म्हणाला, "असतीलही गं, पण मला या सीझनचं लिहायला सांगितलंय." त्याच्या रिपोर्टमध्ये एकही खोटा शब्द नव्हता. माझा सगळ्यात मोठा राग इथेच आहे. खोटं बोलणाऱ्या माणसाची कॉलर धरता येते. याची कशी धरायची?

आईने धरली, म्हणजे तिच्या पद्धतीने. एका शनिवारी सकाळी ती पोहे हलवता हलवता म्हणाली, "मार्ता, गवत कापलं तर येतील का परत?" मी भाषांतर केलं. मार्ताने खांदे उडवले. "येतीलही. त्यांना जागा आठवते." आईने गॅस बंद केला. "मग कापू या की."

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "अगं, ते शेत दुसऱ्याचं आहे. दिस इज ट्रेसपासिंग."

"अहो, गवत चोरून नेत नाहीये मी. कापून तिथेच टाकणार आहे."

"मुक्ता, तू तरी आईला समजाव. आपण इथे नवीन—"

"बाबा, आपण इथे आठ वर्षं आहोत," मी म्हटलं.

बाबांनी वर्तमानपत्र पुन्हा उचललं, आणि ते आमच्याबरोबर आले नाहीत. आईने दुकानातून दोन स्ट्रिमर, म्हणजे गवत कापायची हातातली मशीनं, भाड्याने आणले. बाबांचा जुना पावसाळी अनोरॅक आणि माझे वेलिंग्टन गमबूट घालून ती कुंपण ओलांडून गेली आणि मशीनची दोरी अशी ओढली, जणू जन्मभर तेच करत होती. तिच्यामागे मार्ता, आणि दाताळ्याने गवत ओढायला मी. ओलं, जड, आडवं पडलेलं गवत. हात सोलवटले, पाठ मोडली, संध्याकाळी आईला भाकरी थापता येईना म्हणून तिघींनी ब्रेड खाल्ला. दोन वीकेंडमध्ये आम्ही शेताच्या मधोमध आमच्या गल्लीएवढा रुंद पट्टा कापून काढला. दुसऱ्या वीकेंडला फाटकाशी एक गाडी थांबली. आतल्या माणसाने काच खाली करून आमचे फोटो काढले आणि एक शब्द न बोलता निघून गेला.

पुढच्या उधाणाला आम्ही कुंपणाशी जाऊन बसलो. थवा आला, शेतावरून एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला, आणि आधी एक म्हातारासा कर्ल्यू पाय सोडून खाली आला. मग सगळे. त्या पट्ट्यावर इतकी दाटी झाली की कडेचे पक्षी लांब गवताला टेकून उभे होते. मार्ता रडली. आई म्हणाली, "बसा बाबांनो, बसा." मी फोटो काढले, मार्ताने मोजले, आणि आम्ही ते सगळं कौन्सिलला पाठवलं.

कौन्सिलच्या मीटिंगला आम्ही चौघंही गेलो. हॉलला पॉलिशचा आणि कॉफीचा वास होता. मी बोलले. तीन मिनिटं मिळाली होती. मी तट्टांपासून पट्ट्यापर्यंत सगळं नीट सांगितलं. मग कंपनीचा वकील उठला. आवाज अगदी मऊ. त्याने पडद्यावर एक फोटो दाखवला: अनोरॅकमधली आई, हातात स्ट्रिमर, मागे वाकलेली मार्ता आणि मी. "मॅडम चेअरमन," तो म्हणाला, "हे शेत नैसर्गिक अवस्थेत असताना तिथे पक्षी नव्हते, हे तज्ज्ञाने सांगितलेलं आहे. या तिघींनी बेकायदा आत शिरून पक्ष्यांना कृत्रिमरीत्या तिथे बोलावलं." हॉलमध्ये हशा पिकला. वाईट हशा नव्हता. गोड, समजूतदार हशा. तट्टं हलवणं नैसर्गिक, आणि आम्ही गवत कापणं कृत्रिम!

चेअरमन बाई तशा न्यायाने वागत होत्या. त्यांनी विचारलं, "गवत कापणाऱ्या या तिघींना सोडून, त्या गल्लीत राहणारं दुसरं कुणी इथे आहे का, ज्याने आधीच्या हिवाळ्यांत तिथे पक्षी पाहिलेत?" पॅम तोवर दूर मुलीकडे राहायला गेल्या होत्या. गल्लीतलं दुसरं कुणी आलं नव्हतं. आईने बाबांच्या दंडाला हात लावला. "अहो. उठा ना." मी त्यांच्याकडे बघितलं. सात हिवाळे मागच्या दारात उभं राहून चहा पिणारा माणूस. हॉस्पिटलचा डॉक्टर. त्यांच्या एका वाक्याला त्या हॉलमध्ये वजन होतं. पण समितीत टेबलाच्या डाव्या टोकाला एक गृहस्थ बसले होते, ते हॉस्पिटलच्या बोर्डावरही होते, आणि बाबांचा कन्सल्टंटच्या वरच्या जागेसाठीचा इंटरव्ह्यू महिन्यावर आला होता. बाबांनी आपल्या बुटांकडे बघितलं. बुटांकडे बघतच राहिले. चेअरमन बाई थोडं थांबल्या, म्हणाल्या, "नाही? बरं," आणि पुढे गेल्या. मतं पडली. शेत गेलं.

घरी आल्यावर आई म्हणाली, "तुम्हाला कुणी तुरुंगात टाकणार नव्हतं हो." बाबा म्हणाले, "तुला माहीत नाही इथे कसं असतं ते. आपल्याकडे बघताना यांच्या डोळ्यात आधीच प्रश्न असतो. मी त्याला उत्तर कशाला पुरवू?" हे खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. त्यांच्या विभागात त्यांच्यानंतर आलेली दोन गोरी मुलं त्यांच्यापुढे गेलेली होती, हे मला पुढे कळलं. पण तेव्हा मला त्याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आज कळूनही माझा राग त्यामुळे कमी होत नाही. उलट वाढतो. आता तो दोन्हीकडे जातो: त्या टेबलाकडेही आणि त्या बुटांकडेही. बाबांना ती जागा मिळाली. हॉस्पिटलमधल्या मित्रांचे फोन आले. आईने घरात गोड केलं नाही. मार्ता त्या दिवशी मुद्दाम उशिरापर्यंत लायब्ररीत बसून राहिली.

मशीनं आली ती हिवाळा सरायच्या आत. पक्षी अजून उत्तरेला निघाले नव्हते. त्या दिवशी शाळा अर्धी होती आणि बाबा मला घ्यायला आले होते. घराच्या वळणावर त्यांनी गाडी हळू केली. शेताला नवं तारेचं कुंपण, आत एक पिवळा एक्स्कॅव्हेटर, आणि अर्ध्या भागातली माती उघडी पडलेली. भरती पूर्ण चढलेली होती. आणि वर थवा फिरत होता. खाली यायचा, इंजिनचा आवाज आला की उचलला जायचा, पुन्हा फिरायचा. मला मार्ताने सांगितलेलं होतं की हिवाळ्याच्या शेवटी त्यांच्या अंगात साठवण फार कमी असते, उडण्यात गेलेलं दर मिनिट त्यांना महाग पडतं. मी काचेला कपाळ टेकून बघत होते. बाबांनीही बघितलं. बराच वेळ.

मग त्यांनी गाडी कडेला घेतली, उतरले, आणि टाय वाऱ्यावर उडत असताना सरळ कुंपणापर्यंत चालत गेले. आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांना ओरडताना ऐकलं.

"एक्स्क्यूज मी! ए! ते बंद करा!"

आतला माणूस काच सरकवून बाहेर वाकला. बाबांनी आकाशाकडे हात केला. "त्यांना बसायचंय! भरती उतरेपर्यंत! मी इथे राहतो, मी दर वर्षी त्यांना इथे बसलेलं बघतो! प्लीज, मशीन बंद करा!" आवाज फाटला होता. प्लीज म्हणतानाही ते ओरडतच होते. त्या माणसाने वर बघितलं. सकाळपासून त्या केबिनमध्ये बसून त्याने बहुधा वर बघितलंच नव्हतं. "हे काय, माझ्यामुळे?" तो म्हणाला. मग खांदे उडवून त्याने चावी फिरवली. "ठीक आहे, जेवण आत्ताच उरकतो."

शेत गप्प झालं. थवा दोनदा फिरला आणि लांबच्या टोकाला, उकरलेल्या उघड्या मातीवर उतरला. एकेकाने पाय पोटात घेतला, चोच पिसांत घातली. मीही उतरून बाबांशेजारी जाऊन उभी राहिले. ते दोन्ही हातांनी तार धरून होते आणि त्यांना धाप लागली होती.

"बसले बघ," ते म्हणाले.

मला त्यांचा अभिमान वाटायला हवा होता. कुणीही हे वाचलं तर असंच म्हणेल. मला असा संताप आला की डोळ्यांत पाणी जमलं.

"हे त्या दिवशी का नाही बोललात?" मी विचारलं. "हेच वाक्य. मी इथे राहतो, मी दर वर्षी बघतो. एवढंच तर बोलायचं होतं, बाबा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ओठ हलले, पण शब्द आला नाही. आज ते ऐंशीच्या जवळ आहेत, त्याच घरात राहतात, मागच्या दारातून आता गोदामाची राखाडी भिंत दिसते, आणि तो शब्द अजून आलेला नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

भरती ओसरेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे होतो, हातभर अंतर ठेवून. मशीनवाला चाकाला टेकून सँडविच खात होता. मग खाडीत चिखलाची पहिली काळी रेघ उघडी पडली, तशी कडेच्या एका पक्ष्याने मान बाहेर काढली, आणि सगळा थवा उठून तिकडे निघून गेला. त्या माणसाने हात झटकले, केबिनमध्ये चढला आणि इंजिन सुरू केलं.